कटरवाल्याला बोलावण्याआधी झाडाची चौकशी कशी करावी

आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या घरामागे सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला फणस आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसात तो पडवीच्या कौलांवर झुकला. लाकूड घेणारा एक ठेकेदार स्वतःहून दारात आला. "वहिनी, घरचंच झाड. परवानगी कसली लागते? उद्या माणसं आणतो," म्हणाला. घरच्यांना ते पटलंही होतं. मी अडून बसले, कारण पुण्यात आमच्या सोसायटीच्या गुलमोहरासाठी मी आधीच महापालिकेच्या उद्यान विभागात फेऱ्या मारल्या होत्या. झाड आपल्या जागेत असलं तरी ते तोडणं सर्वस्वी आपल्या हातात नसतं, हे मला तिथे कळलं होतं.

सगळे आधी विचारतात, झाड कुठलं? खरं तर आधी विचारायचं, जागा कुणाच्या हद्दीत आहे? घरपट्टीची पावती काढून बघा. ती महापालिकेची, नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची असेल तर 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. ग्रामपंचायतीची असेल तर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा. अलीकडे कितीतरी मोठ्या गावांच्या नगरपंचायती झाल्या आहेत, त्यामुळे 'आमचं तर गावच आहे' असं धरून चालू नका.

शहरात झाडाच्या जातीवरून सूट मिळेल अशी आशा नको. गुलमोहर परदेशी, सुबाभूळ माजलेली, म्हणून ती विनापरवाना तोडता येत नाहीत. या कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. बुंध्याची साल गोल सोलणं, मुळाशी अ‍ॅसिड ओतणं, बांधकामाला अडचण होते म्हणून मुळं तोडणं, हे सगळं त्यातच. फांद्या छाटायच्या तरी आधी विचारा. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, झाडाची पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. झाड मेलेलं, रोगट किंवा धोकादायक असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि फोटो जोडा. जीवावर बेतेल असं झाड तातडीने काढावं लागलं, तर 24 तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला कळवायचं असतं. म्हणून कुऱ्हाड लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर पुरावा उरत नाही.

झाडाचं वयही विचारात घ्या. 2021 च्या दुरुस्तीनंतर शहरी हद्दीतलं 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची अटही तेव्हाच आली. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं! ती कुठे लावणार आणि पाणी कोण घालणार, याचा विचार अर्ज करतानाच करावा लागतो. मला ही अट फार योग्य वाटते.

गावात मात्र झाडाची जात महत्त्वाची. 1964 च्या कायद्याला अनुसूचित झाडांची यादी जोडलेली आहे. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, बिवळा, हेदू, ऐन, किंजळ, अंजन आणि कांदळवनातली झाडं. म्हणजे कोकणातल्या परसात सावली देणारं जवळजवळ प्रत्येक मोठं झाड यात आलं. आमचा फणसही. ठेकेदाराला मी यादी दाखवली, तेव्हा "फणसाला कोण विचारतंय" असं म्हणाला आणि परत आला नाही. अशा माणसाचं 'मी सगळं बघतो' कधीही ऐकू नका. अर्ज मालकाच्या नावाने होतो, आणि गुन्ह्यातही मालकाचं नाव येतं.

यादीत नाव नसलं तरी जागेची बंधनं बघा. दोडामार्ग तालुक्यात उच्च न्यायालयाने 2013 साली वृक्षतोडीवर बंदी आणली. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रं आहेत. खाडीकाठच्या कांदळवनाला तर आपल्या सातबाऱ्यातलं असलं तरी हात लावायचा नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं विकायची असतील तर त्यासाठी 1969 चा वेगळा कायदा आहे.

आता सातबारा. आमचा खरा वेळ इथे गेला. उताऱ्यावर अकरा नावं, त्यांतली तीन माणसं वारलेली, दोन चुलत सासरे मुंबईला, एक नणंद बडोद्याला. मला वाटलं होतं, एका झाडासाठी कोण कशाला अडवेल? पण तो फणस सगळ्यांच्या लहानपणाचा. धाकटे काका फोनवर म्हणाले, "कापा असं मी लिहून देणार नाही, आधी मला येऊन बघू दे." ते आले, झाडाखाली बराच वेळ उभे राहिले आणि मग सही केली. संमतिपत्रं आधी गोळा करा, अर्ज नंतर. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याशीही आधी बोला. मोजणीचा नकाशा नसेल तर आपलं म्हणून गृहीत धरू नका. रस्त्याकडेचं झाड बहुधा आपलं नसतंच.

मग अर्ज द्यायला वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा, नकाशा, संमतिपत्रं आणि फोटो घेऊन गेलो. वनपाल आले, छातीच्या उंचीवर घेर मोजला, झुकाव बघितला. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक पास लागतो का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

आणि परवानगी हातात आली तरी दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, झाडाखाली उभ्या राहा. पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आमच्या फणसाला वरच्या अंगाला ढोली होती. मार्चमध्ये काकांनीच दाखवलं की धनेशाचा नर तिथे पुन्हापुन्हा येतोय. मादी आत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. तोडायचा बेत आम्ही लगेच थांबवला. वनपालांना कळवलं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे ढोलीपासून दूर असलेल्या, कौलांवर टेकलेल्या दोन फांद्या तेवढ्या उतरवल्या. भार कमी झाल्यावर झाड पुढे कललं नाही. परवानगीचा कागद कपाटात आहे. या वर्षीही त्या फणसाला भरपूर कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लागल्या आहेत.