गिनीपिग वाटीकडे धावतो, पण खात नाही? दातांच्या दुखण्यात या चुका टाळा

"अहो, पण कोथिंबीर दिसली की धावत येतो की तो!" गिनीपिग आजारी असल्याचं सांगणाऱ्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ठाण्यात, वाशीत, खारघरला गिनीपिग पाळणाऱ्यांशी बोलताना मी ते वारंवार ऐकलं आहे. बिचारं जनावर डॉक्टरांकडे उशिरा पोचतं ते बहुतेकदा याच दिलाशापायी. दात दुखणाऱ्या गिनीपिगची भूक मेलेली नसते. त्याला खायचं असतं, चावता येत नसतं. तो शीळ घालत येतो, काडी तोंडात धरतो, दोनदा जबडा हलवतो आणि सोडून देतो. वाटीत तोंड दिसलं म्हणजे पोटात अन्न गेलं असं धरून चालणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

एकदा त्याच्याजवळ जमिनीवर बसून नीट बघा. गाजराचा तुकडा उचलून पाहा: ओला, दातांचे ओरखडे उठलेला, पण न तुटलेला. हनुवटीखालची लव लाळेने चिकटलेली असते, कधी छातीपर्यंत ओली. पूर्वी ढोबळी मिरची सालीसकट फस्त करणारा आता नुसता काकडीचा गर चाटतो. गवताकडे फिरकत नाही. लेंड्या लहान होतात, एका टोकाला निमुळत्या होतात, कमी पडतात. कधी एकाच डोळ्यातून पाणी येतं किंवा तो डोळा जरा पुढे आल्यासारखा दिसतो, कारण वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या अगदी जवळ असतात. डोळ्यात थेंब टाकून आठवडा घालवला आणि दुखणं दाढेचं निघालं, असं होऊ शकतं.

दोन गिनीपिग एकत्र असतील तर आणखी फसगत. वाटी रिकामी होते, म्हणून दोघं जेवले असं वाटतं. प्रत्यक्षात एकच दोघांचं खातो.

यावर उपाय एकच: वजनकाटा. कणीक-साखर मोजायचा साधा डिजिटल काटा पुरतो, त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवायचा आणि त्यात गिनीपिग. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. तब्येत ठणठणीत असताना आठवड्यातून एकदा, आजारपणात रोज, आणि ठरलेल्या वेळी वजन करून वहीत लिहा. आठवड्यात ५० ग्रॅम उतरले तर डॉक्टरांची वेळ घ्या. मूळ वजनाचा दहावा हिस्सा गेला, म्हणजे किलोभराच्या गिनीपिगचे १०० ग्रॅम घटले, तर त्याच दिवशी जा. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. केसांचा फुलोरा इतका दाट असतो की हाडं लागेपर्यंत तो गुबगुबीतच वाटतो.

पुढचे दात दिसतात, दुखणं मागे असतं

गिनीपिगला एकूण २० दात असतात: पुढचे ४ आणि गालात लपलेल्या १६ दाढा. सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. रोज जितके वाढतात तितके घासून झिजले तरच तोंड ठीक राहतं. पुढचे दात फक्त कापतात. खरं दळण दाढांवर चालतं, जात्याच्या दोन दगडांसारखं, आडव्या हालचालीने. आणि ही आडवी हालचाल तासन् तास होते ती गवत चावतानाच. पेलेट (विकत मिळणाऱ्या खाद्याच्या सुक्या गोळ्या), गाजर, फळं यांना थोडंसं चावलं की झालं, दाढ झिजत नाही.

झीज थांबली की खालच्या दाढा जिभेकडे झुकत वाढतात आणि वरच्या गालाकडे. गालाला टोचून जखमा होतात. खालच्या दोन बाजूंच्या दाढा जिभेवर एकमेकींकडे सरकत जाऊन कमान धरतात आणि जीभ तिच्याखाली अडकते. घास मागे ढकलायला जीभच लागते. तीच अडकली तर समोर पेरूची फोड असूनही तो उपाशी राहतो.

म्हणून नेलकटरने पुढचे दात कापून टाकणं ही घोडचूक. दात उभा चिरतो, कधी मुळापर्यंत, आणि हिरडीत पू होण्याची वाट मोकळी होते. शिवाय गिनीपिगमध्ये पुढचे दात वाढतात ते बहुधा मागच्या दाढा बिघडल्यामुळे, तेव्हा मूळ दुखणं जागच्या जागीच राहतं. पिंजऱ्यात लाकडाचा तुकडा ठेवलाय, आता दातांची काळजी मिटली, हाही असाच गैरसमज. लाकूड कुरतडतात पुढचे दात, दाढांना त्याचा काही उपयोग नाही.

"सकाळी बघू" म्हणू नका

गिनीपिगचं पोट सतत चालू असावं लागतं. १२ तास काहीच खाल्लं नाही तर तो तातडीचा प्रसंग समजा. आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, यकृतावर चरबी चढते, आणि मग दाताचं दुखणं बाजूला राहून उपासमारीनेच जीव जातो. कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर आपण थांबतो, इथे तसं थांबून चालत नाही. लेंड्या पडायच्या थांबल्या, तो कोपऱ्यात केस फुलवून बसला, दात करकरू लागला, तर रात्र असली तरी फोन लावा. पोट फुगून टणक लागत असेल तर तोंडावाटे काहीही भरवू नका, थेट डॉक्टर गाठा.

आणि कृपा करून घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. मुलांच्या तापात आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप फ्रिजमध्ये असतं, "थोडंसं देऊन बघू" असं कुणीतरी सुचवतं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावू शकतं. त्याला चालणारी अँटिबायोटिक वेगळी आहेत आणि ती वजन पाहून डॉक्टरच देतात. नेहमी कुत्र्या-मांजरांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तर "हे गिनीपिगला चालतं ना, डॉक्टर?" एवढं विचारायला संकोच करू नका. वेदनाशामकाचंही तसंच. आपल्या कपाटातली क्रोसिन नको. डॉक्टरांनी मेलोक्सिकाम दिलं असेल तर दुसऱ्या दिवशी तरतरीत दिसतोय म्हणून ते परस्पर बंदही करू नका, कारण ती तरतरी औषधाचीच असते. वेदना परतली की खाणं पुन्हा थांबतं.

भरवताना

आजारी जिवाला पेज द्यावी, दूध-भात कालवावा, निदान ताक तरी पाजावं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. आजी मायेनेच सांगते. पण या प्राण्याचं आतडं गवताच्या चोथ्यावर चालतं. दूध, दही, भात, बाळांचं सेरेलॅक, बिस्किट यांनी पोट भरल्यासारखं दिसतं आणि आतून बिघडतं.

मग द्यायचं काय? गवत खाणाऱ्या प्राण्यांसाठी क्रिटिकल केअरसारखी पावडर मिळते, ती घरात आधीच आणून ठेवलेली बरी. ती मिळेपर्यंत त्याचेच साधे, गवताचे पेलेट मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कोरडे बारीक दळा, चाळा आणि कोमट पाण्यात सैलसर कालवा. आधी भिजवून मग वाटले तर तंतू राहतात आणि सिरिंज तुंबते, त्यामुळे कोरडंच दळायचं.

त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर नेहमीसारखं, पोटावर बसवा. बाळासारखं पाठीवर आडवं धरून तोंडात ओतणं जिवावर बेतू शकतं, अन्न श्वासनलिकेत जातं. १ मिलीची सिरिंज ओठाच्या बाजूने घाला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, ती तिथे सहज शिरते. अर्धा मिली सोडा. थांबा. जबडा हलतोय का, घोट गेला का, ते बघा, मगच पुढचा अर्धा. डोकं मागे झुकवू नका. पहिल्या दिवशी निम्मं तुमच्या कपड्यांवर सांडेल, निम्मं टॉवेलवर. चालेल. घाई झाली तरच नुकसान. दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ८० मिली कालवण असा साधारण हिशोब असतो, म्हणजे ९०० ग्रॅमच्या गिनीपिगला ४५ ते ७० मिली. ते पाच-सहा वेळांत वाटून द्या, त्यात एक वेळ रात्री उशिराची. नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतील. भरवून झालं की हनुवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, लाळ आणि कालवण साचलं की खालची कातडी सोलवटते.

सिरिंजने पोट भरतंय म्हणून समोरचं गवत काढून घेऊ नका. दोन काड्या चावल्या तरी त्या हव्यात. तो आपल्याच काही मऊ लेंड्या खातो, तेही थांबवू नका, त्याच्या पचनाचा तो भागच आहे.

डॉक्टरांकडे

गिनीपिगचं तोंड अरुंद, गाल आत वळलेले. जागेपणी दुर्बीण घालून बघितलं आणि "दात ठीक आहेत" असं ऐकलं, तरी वजन उतरतंच असेल तर तिथे थांबू नका. दाढा पूर्ण दिसायला बहुधा भूल द्यावी लागते आणि मुळांची अवस्था कवटीच्या एक्स-रेतच कळते. दाढा मशीनने घासून कमी करायच्या असतात, म्हणून ससे, गिनीपिग, पक्षी बघणारे एक्झॉटिक डॉक्टरच शोधा. जवळपास कुणी नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय अनेकांना ठाऊक आहे, पण कुठेही जायच्या आधी गिनीपिग तपासणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे फोनवर विचारून घ्या. हा शोध तो धडधाकट असतानाच करून ठेवलेला चांगला.

भुलीच्या आधी "रात्रीपासून उपाशी ठेवा" असं कुणी सांगितलं तर पुन्हा एकदा विचारा. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते उलटी होऊ नये म्हणून. गिनीपिगला उलटी होतच नाही आणि रात्रभराचा उपास त्याला घातक ठरतो. शेवटचं खाणं किती वाजता, हे डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या.

एप्रिल-मेच्या दुपारी घोडबंदर रोडच्या कोंडीत रिक्षात अडकलात तर आजारी गिनीपिगला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. त्याला १८ ते २४ अंश मानवतं, तिशीच्या वर त्रास सुरू होतो. शक्य असेल तर सकाळची वेळ मागा, एसी गाडी करा आणि जाळीच्या डब्यात टॉवेल, मूठभर गवत आणि फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवा.

आणि दातच असतील असंही घरी ठरवून टाकू नका. मूतखडा, छातीचा संसर्ग, मादीच्या अंडाशयातल्या गाठी, तळपायाच्या जखमा, यांतही खाणं सुटतं. फरक एवढाच की त्यात बहुधा अन्नाची ओढच जाते, दातांत ती टिकून राहते.

व्हिटॅमिन सी आणि गवत

माणसासारखंच गिनीपिगचं शरीर व्हिटॅमिन सी बनवू शकत नाही. ते कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, सांधे दुखतात. निरोगी गिनीपिगला दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात ३० ते ५०. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकणं निरुपयोगी, कारण ते पाण्यात लवकर नष्ट होतं आणि आजारी जनावर पाणीही कमी पितं. थेट तोंडात द्या. सशाच्या पेलेटमध्ये व्हिटॅमिन सी घातलेलं नसतं, तेव्हा "दोन्ही एकच" म्हणून ते आणू नका. मल्टिव्हिटॅमिनचे थेंबही नकोत, त्यातून अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होतं. चावता येत असेल तर ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि पेरूची छोटी फोड, १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं. पण पेरूत साखरही आहे, फोड छोटीच.

गवत रोजच्या खाण्याचा मोठा हिस्सा असायला हवं. टिमोथी नावाचं सुकं गवत महाग पडतं म्हणून अनेक जण ते चिमूटभर देतात आणि पेलेटची वाटी भरतात. त्यापेक्षा पेलेट कमी करा आणि गवताला हिरवी जोड द्या. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात दूर्वांच्या जुड्या मिळतात, पावसाळ्यात भुट्टेवाल्याकडे मक्याची हिरवी सालं मागितली तर तो आनंदाने देतो. दोन्ही स्वच्छ धुऊन, पाणी निथळवून द्या. लसूणघास मात्र रोजची नको, पूर्ण वाढलेल्या गिनीपिगला तिच्यातलं कॅल्शियम जास्त होतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सुकं गवत बुरसतं, म्हणून त्या दिवसांत मोठी पिशवी न घेता थोडं थोडं आणा. कुबट वास आला की टाकून द्या, चाळून-उन्हात घालून वापरू नका.

दाढा घासून आणल्या की त्याच संध्याकाळी तो जेवायला लागेल, अशी अपेक्षा धरू नका. जबड्याचे स्नायू ताणलेले असतात, गालाच्या जखमा ओल्या असतात. काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे सिरिंज चालू ठेवावी लागते. या काळात त्याच्या जोडीदाराला दुसऱ्या खोलीत हलवू नका, तो जवळ असला की आजारी गिनीपिगही खायला बघतो. फक्त लेंड्या कुणाच्या हे कळावं म्हणून मध्ये जाळी लावा.

एकदा बिघडलेल्या दाढा काहींना दर चार-आठ आठवड्यांनी पुन्हा घासून घ्याव्या लागतात. त्या खर्चाचं आणि वेळेचं डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत बोला. मुळंच जबड्यात वाढली असतील, वेदना औषधाने आवरत नसेल, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याबद्दलही विचारा, त्यात माया कमी पडली असं काही नाही. उपचार चालू असतील तर पुढच्या भेटीची तारीख वजनाच्या वहीतच लिहा, आणि वजन त्याआधीच उतरू लागलं तर तारखेची वाट न बघता फोन करा.