नवी सेडान घेताना भाव कसा उतरवला

"ऑन-रोड किती?" म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून एकूण किती, एवढंच विचारलं की सेल्समन खूश. सोलापुरात होटगी रोडच्या शोरूममध्ये मी ओळीओळीनं कोटेशन लिहून मागितलं. आरटीओच्या टॅक्सात घासाघीस नाही. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (डीलरनं आपल्याकडून घेऊन सरकारकडं भरायचा आयकर) द्यावाच लागतो, पण तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. खरी मलई खालच्या ओळींत असते: इन्शुरन्स, मॅट-मडफ्लॅपचं 'एसेन्शियल किट' आणि हँडलिंग चार्जेस. हँडलिंगवर मी सरळ पेनानं काट मारली.

"साहेब, सिस्टीममधनं निघत नाही ओ."

"मग निघेल तेव्हा फोन करा की."

संध्याकाळी फोन आला!

इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. तेवढ्याच आयडीव्हीचं (म्हणजे गाडीच्या विमा-किमतीचं), झिरो-डेपसकट (क्लेममध्ये पार्ट्सची घसारा-कपात न करणारं कव्हर) बाहेरचं कोटेशन दाखवलं, तसा त्यांचा प्रीमियमही खाली आला. पुण्याच्या डीलरचा आकडा व्हॉट्सॲपवर मागवून ठेवला होता, त्यानं कॅश डिस्काउंट वाढला. जुन्या गाडीच्या एक्स्चेंजचं मात्र शेवटी काढा, नाहीतर इकडं दिलेलं तिकडं कापतात. आणि पैसे भरण्याआधी गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघा. जानेवारीत गेल्या वर्षीची गळ्यात मारत असतील, तर त्याची सूट वेगळी मागायची.