पहिला वस्तरा घेताय? या चुका टाळा

माझा पहिला वस्तरा दिसायला राजबिंडा होता. पात्यावर लाटालाटांची नक्षी, शिसवी रंगाची मूठ, वर चामड्याची थैली फुकट. पहिल्याच दिवशी गालाची सालटी निघाली आणि पुढचे आठ दिवस मी स्वतःच्या हाताला शिव्या घालत होतो. शेवटी तो कसबा पेठेतल्या आमच्या न्हावीकाकांना दाखवला. त्यांनी तो दुकानातल्या काचेवर आडवा ठेवला आणि बोटाने टोक दाबलं. पातं टकटक डुललं. "पाकिटं फोडायला ठेवा," काका म्हणाले, "दाढीला नको."

दोष हाताचा नव्हताच. वस्तऱ्याला धार लावताना पाठ (धारेच्या उलट बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या असतात. म्हणजे धारेचा कोन आपण ठरवत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी ठरवते. चांगल्या वस्तऱ्यात तो १६-१७ अंशांच्या आसपास असतो. पाठ एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ असली किंवा पातंच पिळलेलं असलं, तर निम्मी धार दगडाला लागतच नाही. मग घासत बसा जन्मभर. स्वस्तातले नक्षीदार वस्तरे बहुतेक इथेच मार खातात. म्हणून विकत घेण्याआधी (ऑनलाइन असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी) काचेची परीक्षा कराच.

नवा म्हणजे धारदार, हा गैरसमज

नामांकित कारखान्यांतून आलेला कोरा वस्तराही पुष्कळदा थेट गालाला लावण्याजोगा नसतो. त्याला दगडावर शेवटचा हात फिरवावा लागतो. दगड ग्रिटने, म्हणजे कणांच्या बारकाईने मोजतात; आकडा मोठा तितका दगड बारीक. १००० वर धारेचा पाया बसतो, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० च्या आसपासचा गुळगुळीत दगड. हे सगळं पहिल्याच वस्तऱ्यावर शिकू नका. खरी धार गालाला कशी लागते हे ज्याला माहीत नाही, त्याला दगडावर कुठे थांबायचं ते कसं कळणार? विकणाऱ्याला सरळ विचारा, दाढीला तयार आहे का, धार कोणी आणि कोणत्या दगडावर लावली? उत्तर "एकदम शार्प आहे साहेब" एवढंच आलं तर पुढे जा.

हातावरचे केस उडाले म्हणून खूश होऊ नका. ते १००० च्या दगडावरून उठलेल्या सुरीनेही उडतात. नखावर धार घासून बघण्याची खोड असेल तर तीही सोडा. आहे ती धार त्यात जाते.

आणि कृपा करून वस्तरा सायकलवर चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका. त्याचं काम वाईट नसतं, पण त्या चाकावर इतकं पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. ते परत येत नाही.

माप, टोक, नाव

रुंदी आठांश इंचात सांगतात. पहिल्यासाठी ५/८ (साधारण १६ मिमी) किंवा ६/८ (१९ मिमी) घ्या. टोक गोल हवं. चौकोनी, अणकुचीदार टोक मिशीची कड काढायला छान, पण नवख्याच्या हातात ते कानाची पाळी आधी शोधतं. कामिसोरीच्या (जपानी पद्धतीच्या वस्तऱ्याच्या) वाटेला इतक्यात नको, त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचं नाव पात्यावर असेल तर त्याला अर्थ आहे. ते नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. पण नाव कोरणाऱ्या नकलाही निघतात, तेव्हा काच आहेच.

जुना बाजार

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा जुना वस्तरा कधी कधी मिळतो, आणि तो नव्या स्वस्त मालापेक्षा कैक पटींनी बरा असू शकतो. मात्र चकाकी बघू नका. नुसत्या पाठीवरचा डाग चालेल. धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, कारण घासत गेलात की तो खड्डा धारेतच उघडतो. पातं उजेडासमोर धरून चीर शोधा. पाठ दोन्ही बाजूंनी सपाट झिजलेली असेल तर त्याचं आयुष्य संपत आलंय. मूठ सेल्युलॉइडची असेल (चोळल्यावर कापरासारखा वास येतो) तर पात्याचा मुठीत राहणारा भाग नीट बघा. जुनं सेल्युलॉइड कुजलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि पातं आतून गंजतं. घरी आणल्यावर आधी साबणाने आणि स्पिरिटने स्वच्छ करा. कोणाच्या गालावरून आलाय, देव जाणे.

पट्ट्याला पैसेच उरले नाहीत

ही चूक जवळपास सगळे करतात. सगळं बजेट वस्तऱ्यात जातं आणि धार नीट ठेवायचा चामड्याचा पट्टा "नंतर बघू" होतो. पट्ट्याविना वस्तरा चार दाढ्यांत कापायच्या ऐवजी केस ओढायला लागतो. रोज दाढीआधी चाळीस-पन्नास हात: पाठ पुढे, धार मागे, वळवताना पातं पाठीवरच फिरवायचं. पहिला पट्टा तुम्ही कापणारच, तेव्हा तो स्वस्तातला घ्या.

पहिल्या दिवसापासून ओढत असेल तर धार लागलेलीच नाही. आधी छान चालून दोन आठवड्यांनी ओढायला लागला असेल, तर पट्ट्यावर तुमच्याकडून पात्याची पाठ उचलली जातेय किंवा पट्टा सैल आहे. ओढत नाही, पण तुरटी लावल्यावर गाल पेटतो? मग दाब जास्त आहे किंवा पातं फार उभं धरलंय. कातडीशी ३० अंशांच्या आसपास पुरे.

हे रोजचं पट्ट्याचं लचांड नको असेल तर सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त तो जास्त माफ करेल असं समजू नका. ते ब्लेड हलकं आणि फार तिखट असतं, हात जरा चुकला की रक्त.

कोकणात, मुंबईत राहत असाल तर स्टेनलेसचा विचार करा. साध्या पोलादाचाच घेतलात तर बाथरूममध्ये ठेवू नका. दाढी झाली की कोरडा पुसून शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं. पावसाळ्यात पातं काळपट पडलं तर घाबरू नका. तांबूस ठिपका दिसला तर मात्र त्याच दिवशी काढा.