पोकरमधला हिशेब कुठे फसतो? या चुका टाळा

गणपतीच्या जागरणात तीनपत्ती कुटत मोठा झालेला माणूस पोकरला बसला की त्याची पहिली चूक ठरलेली. हातात सीक्वेन्स आला की तो समोरच्याच्या कलरला हसतो. तीनपत्तीत ते बरोबरच आहे. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात, त्यांत साधे सीक्वेन्स 720 आणि कलर 1,096. जे कमी वेळा येतं ते वरचढ. पाच पानांत मात्र उलटं होतं. 25,98,960 हातांत साधे फ्लश (म्हणजे कलर) 5,108, तर स्ट्रेट (म्हणजे सीक्वेन्स) 10,200. म्हणून पोकरमध्ये फ्लश वर. नियम पाठ करण्यापेक्षा हे कारण लक्षात ठेवलेलं बरं.

आता ज्या चुकीने आमच्या डावात सगळ्यात जास्त चिंचोके जातात, ती बघू. (ऑनलाइन पैसे लावून खेळणं 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झालं; आम्ही आधीपासून चिंचोक्यांवरच.) टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि मधे सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एकेक करून दोन. तुमच्या हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी आहे. फ्लॉपला बदाम राजा, बदाम तिर्री आणि किलवर छक्की उघडली. समोरच्याकडे राजाची जोड आहे असं धरा. तुम्हाला आणखी एक बदाम हवा. तेरातले चार दिसले, उरले नऊ. न पाहिलेली पानं 47. पुढच्या पानाला फ्लश लागण्याची शक्यता 9 भागिले 47, म्हणजे साधारण 19 टक्के. दोन्ही पानं मिळून 35. तोंडी हिशेबासाठी एक पान बाकी असेल तर आउट्सना (हवी असलेली पानं, इथे नऊ) दोनने गुणा, दोन बाकी असतील तर चारने.

इथवर बहुतेकांना जमतं. घोटाळा पुढे आहे. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात 60 चिंचोके, समोरचा आणखी 60 टाकतो. तुम्ही 60 घालून 180 च्या पॉटसाठी खेळणार, म्हणजे किमान 33 टक्के शक्यता हवी. "चारने गुणून 36 आले, कॉल!" असं म्हणत माणूस समोरच्याइतकेच चिंचोके सरकवतो. पण ते 36 दोन पानांचे आहेत आणि 60 चिंचोक्यांत एकच पान मिळतंय. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला बदाम आला नाही की समोरचा पुन्हा पैज लावणार, तेव्हा पुन्हा मोजा. त्याने सगळे चिंचोके आत टाकले असतील आणि पुढे पैजच उरली नसेल, तरच चारने गुणणं खरं. नाहीतर दोनचाच पाढा. फ्लश लागल्यावर तो आणखी किती देईल याचाही अंदाज जमेस धरता येतो. पण बोर्डावर (मधल्या उघड्या पानांत) तीन बदाम दिसल्यावर शहाणा माणूस हात आखडताच घेतो.

प्रत्येक आउट चोख असतो असंही नाही. हातात इस्पिक नव्वी आणि किलवर अठ्ठी, फ्लॉपला चौकट सत्ती, बदाम छक्की, बदाम राणी. पंजी किंवा दश्शी आली की स्ट्रेट, म्हणजे आठ पानं. त्यांतली बदाम पंजी आणि बदाम दश्शी आली तर बोर्डावर तीन बदाम होतात. समोरचा बदामच जमवत असेल तर ही दोन पानं तुम्हाला स्ट्रेट देतील आणि डाव त्याला. अशा वेळी सहाच मोजा.

"टेबलावर आठ जण आहेत, बरीच पानं वाटली गेली, मग 47 कशाला धरायचे?" हा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतोच. वाटलेलं पान तुम्ही पाहिलं नसेल, तर ते गड्डीत काय आणि शेजाऱ्याच्या हातात काय, तुमच्या हिशेबाला सारखंच.

"तीन डाव झाले, बदाम आला नाही, आता येणारच" याबद्दल काय बोलावं! पानं पिसली की मागचं सगळं पुसलं.

हातातली दोन पानं एका रंगाची आहेत एवढ्यावर कॉल करणाऱ्यांसाठी एक आकडा: त्यांचा फ्लॉपलाच पुरा फ्लश साधारण 119 वेळांत एकदा होतो. छोट्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान साडेआठात एकदा मिळतं. ते मिळालं नाही आणि समोर जोरात पैज आली, तर जोड सोडून द्या.

शेवटची चूक निकालावरून निर्णय जोखण्याची. एक्क्यांची जोड 221 वेळांत एकदा येते, म्हणून ती हरली की माणूस आठवडाभर कण्हतो. पण कुठल्याही एका अनोळखी हातासमोर ती साधारण 85 टक्के जिंकते, म्हणजे सातात एकदा हरायचीच. घरी गड्डी घेऊन वरची बदामांची दोन पानं आणि तो फ्लॉप मांडा, उरलेल्या 47 मधून तीसदा पिसून एकेक पान उघडा आणि वहीत टिपा. हिशेबाने पाच-सहा वेळा बदाम यावा. प्रत्यक्षात तीनदा येईल, कधी दहादाही, आणि तरी आकडा चुकलेला नसेल.