ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायचेत? मग आधी हे वाचा

नोव्हेंबर ते मे कधीही जा, माझं मत विचाराल तर फेब्रुवारी-मार्च बेस्ट. आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, कारण ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी खायला पसरतात आणि फुल भरतीत नेरुळच्या तलावाकडे सरकतात. ऐरोलीहून बोट मिळते, ती पण पाणी बघूनच सुटते, तेव्हा बुकिंग करूनच निघा. दुर्बीण हवीच. फ्लेमिंगोच्या, म्हणजे मराठीत रोहितच्या, दोन जाती दिसतात, त्यासाठी चोच नीट बघा, गुलाबी आणि टोक काळं तर मोठा रोहित, अख्खी गडद लालसर तर छोटा. अंगाच्या रंगावर जाऊ नका, लहान वयाचे राखाडीच दिसतात. २०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तरी थवा उडवायला टाळ्या पिटणारे काका भेटतातच, त्यांना सरळ टोका.