मारिओच्या गेममधल्या ‘बू’ भुताला कसं हरवायचं?

मारिओच्या गेममध्ये बहुतेक शत्रूंचा निकाल एका उडीत लागतो. डोक्यावर पाय दिला की गूम्बा चपटा होतो, कासव कवचात शिरतं. बू असा मरत नाही. त्याच्यावर उडी मारली तर जुन्या गेममध्ये इजा तुम्हालाच होते, आगीच्या गोळ्यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि भिंती त्याला अडवत नाहीत. त्यामुळे नवा खेळाडू भूतघरात शिरला की घाबरून नुसता पळत सुटतो. पळताना त्याची पाठ बूकडे असते, आणि बूला नेमकं तेवढंच हवं असतं.

हे गोल, पांढरं भूत पहिल्यांदा दिसलं १९८८ साली, ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये. मारिओचे गेम बनवणाऱ्या निन्तेंदो कंपनीचे डिझायनर ताकाशी तेझुका यांच्या पत्नीवरून ते सुचलं, असं मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी सांगितलं आहे. एरवी शांत असणाऱ्या त्या, नवरा सारखा कामातच असतो म्हणून एक दिवस भडकल्या, आणि तेझुकांनी तो स्वभाव भुताला देऊन टाकला. तुम्ही पाहत असाल तर तोंड झाकून गप्प, पाठ फिरवलीत की दात विचकून मागे! इतक्या वर्षांत बूला मारायची हत्यारं गेमगणिक बदलत गेली, पण हा स्वभाव फारसा बदललेला नाही. म्हणून हत्याराच्या मागे लागण्याआधी तुमच्या नजरेने बूला हवं तिथे आणायला शिका. ते जमलं की बाकीचं सोपं आहे.

आधी नजर

एखादा एकटा बू असलेली जागा शोधा. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मधली भूतघरं त्यासाठी उत्तम. त्याच्यापासून जरा लांब उभे राहा आणि दिशेच्या बटणाला अगदी हलका धक्का द्या. मारिओ चालायला नको, फक्त वळायला हवा. तोंड बूकडे असेल तर तो थांबतो. उलट्या दिशेला धक्का दिलात की तो निघतो. हे काही वेळा करून पाहा आणि त्याची चाल नीट निरखा. तो एकदम झेपावत नाही. सुरुवातीला संथ असतो, मग वेग धरतो, आणि तुम्ही जिथे असाल तिकडे सरळ येतो. मधल्या विटा, पायऱ्या, खांब त्याच्या हिशेबातच नसतात. तुम्ही पुन्हा त्याच्याकडे वळलात की तो जिथल्या तिथे अडकतो.

याचा अर्थ असा की पडद्यावर बू कुठे असावा हे तुम्ही ठरवता. तो वर हवा असेल तर वर चढून पाठ करा, खाली हवा असेल तर खाली उतरून पाठ करा. माझ्या मते संपूर्ण मालिकेत इतका सुंदर नियम दुसऱ्या कुठल्याच शत्रूला मिळालेला नाही, कारण इथे घाबरून मागे पाहणं हीच योग्य चाल ठरते.

त्रिमितीय गेममध्ये एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: नजर मोजली जाते ती मारिओची, कॅमेऱ्याची नाही. पडद्यावर तुम्हाला बू समोर स्पष्ट दिसत असेल, पण मारिओचं तोंड तुमच्याकडे असेल, तर बूच्या लेखी तुम्ही पाठच फिरवली आहे. म्हणून आधी मारिओचं नाक कुठे आहे ते पाहा.

वाटेत बसलेल्या बूला ओलांडणं

अरुंद वाटेत समोर बू आहे. तुम्ही त्याच्याकडे बघत पुढे गेलात तर तो तसाच अडून राहील आणि तुम्ही जाऊन धडकाल. इथे मागे फिरावं लागतं.

१. बूकडे पाठ करून चार पावलं मागे जा, म्हणजे तो तुमच्या मागे येईल.

२. छप्पर उंच असेल तर तुम्ही खालच्या पातळीवर थांबा. बू खाली उतरून जवळ आला की वळून त्याला थिजवा आणि वरून उडी मारून पलीकडे जा. छप्पर ठेंगणं असेल तर उलट करा: आधी एखाद्या विटेवर चढा, त्याला तुमच्या उंचीवर येऊ द्या, वळून थिजवा आणि मग खालून निसटा.

३. पलीकडे पोचल्यावर तो पुन्हा तुमच्या पाठीशी असेल. आता धावा. धावणाऱ्या मारिओला बू सहसा गाठत नाही. दार उघडायला किंवा फळीची वाट पाहायला थांबावं लागलं, तर थांबताना तोंड मागे करून थांबा.

दोन बू दोन बाजूंना असतील तेव्हा एकाला थांबवलं की दुसरा चालू लागतो, आणि आलटून पालटून बघत बसलं तर दोघेही हळूहळू जवळ येतात. त्यातल्या जवळच्याला वरच्या पद्धतीने ओलांडा. मग दोघेही एकाच बाजूला येतील आणि एका नजरेत दोघे थिजतील. जितके जास्त बू, तितकं त्यांना एका बाजूला गोळा करणं महत्त्वाचं.

नजरेला न जुमानणारे

‘सुपर मारिओ वर्ल्ड’ १९९० साली आला तेव्हा बूचं सगळं खानदानच त्यात आलं, आणि त्यातले काही हा नियम पाळत नाहीत. वर्तुळ करून फिरणारे बू तुम्ही बघा की नका बघू, फिरतच राहतात. त्यांच्या वर्तुळात मोकळी फट असते. ती तुमच्याकडे येईपर्यंत थांबायचं आणि तिच्याबरोबर सरकायचं. घाई केली तर मधे अडकाल. काही ठिकाणी बूंचा थवा एकदम उमटतो आणि विरतो. विरलेल्या बूचा स्पर्श बाधत नाही, तेव्हा तो विरण्याची वेळ साधून निघा.

उलट, ठोकळा होणारा बू तुमच्या कामाचा आहे. त्याच्याकडे पाहिलं की तो ठोकळा बनतो आणि त्यावर उभं राहता येतं. त्याच्यावर चढण्याआधी मारिओचं तोंड त्याच्याकडेच आहे ना, एवढं बघा.

‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मधल्या पांढऱ्या फळ्यांवरून सरकणारं स्ट्रेच हे बूचंच भावंड. तेही नजरेने थांबत नाही. ते फळीच्या दुसऱ्या टोकाला गेलं की मगच फळीवर पाय ठेवा.

मारायचं कशाने?

‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये हातोड्यांचा पोशाख मिळाला असेल तर हातोडा लागून बू मरतो. हा पोशाख फार थोड्या ठिकाणी मिळतो, म्हणून केवळ बूसाठी तो खर्च करावा असं मला वाटत नाही. मारिओला काही क्षण अजिंक्य करणारा चकमकता तारा घेतला असतानाही बू टिकत नाही.

‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये बूशी खरी लढत होते ती डोनट प्लेन्स या नकाशावरच्या भागातल्या गुप्त भूतघरात. तिथे पी-स्विच (‘P’ लिहिलेलं बटण) दाबल्यावर एरवी न दिसणारं दार उघडतं. त्यामागच्या वाटेने मोठ्या बूपर्यंत पोचता येतं. तो सतत विरतो आणि उमटतो, आणि विरलेला असताना त्याला काहीच लागत नाही. उचलता येणारा ठोकळा हातात घेऊन त्याच्या खाली या, तो पुरता पांढरा होईपर्यंत थांबा आणि ठोकळा वर फेका. असे ३ फटके बसले की तो हरतो आणि नकाशावर स्टार रोड या गुप्त भागाची वाट उघडते. ठोकळे मोजकेच असतात, तेव्हा अर्धवट दिसणाऱ्या बूवर ते वाया घालवू नका.

१९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये बूला हातापायांनी मारता येऊ लागलं. गेममध्ये गोळा करायच्या ताऱ्यांपैकी १२ जमले की बू दिसू लागतात. किल्ल्याच्या मागच्या अंगणात जा. तिथल्या एका बूच्या पोटात पिंजरा दिसेल. त्याला मारून तो पिंजरा पाडायचा आणि पिंजऱ्यात उडी घ्यायची, की तुम्ही भूतबंगल्यात पोचता. पण मारिओ समोरून बघत असेल तर बू पारदर्शक होतो आणि ठोसा त्याच्यातून निघून जातो. नुसती डोक्यावर उडी मारली तर तो फक्त ढकलला जातो. माझी आवडती पद्धत अशी:

१. बूकडे पाठ करून उभे राहा आणि कॅमेरा असा फिरवा की मागून येणारा बू तुम्हाला दिसेल.

२. तो ठोस होऊन मारिओच्या पाठीशी येईपर्यंत थांबा.

३. खाली वाका आणि वाकलेले असतानाच उडीचं बटण दाबा. मारिओ मागच्या मागे कोलांटी घेतो, आणि त्याचं तोंड पुढेच राहतं.

४. बूच्या वर आलात की हवेतच वाकण्याचं बटण पुन्हा दाबा. मारिओ बुडावर आपटतो आणि बू फुटतो.

ठोशानेही जमतं. त्यासाठी मारिओला बूच्या अगदी समोरासमोर न ठेवता जरा तिरपं ठेवा, म्हणजे बू ठोसच राहतो. पण तिरपं म्हणजे किती, याचा अंदाज हाताला बसायला वेळ लागतो. कोलांटी त्यापेक्षा खात्रीची. मेलेला बू निळं नाणं देतो आणि ते ५ नाण्यांच्या बरोबरीचं असतं. बंगल्यातल्या पहिल्या ताऱ्यासाठी आधी ५ बू मारावे लागतात, मग मोठा बू येतो. त्यालाही हीच कोलांटी ३ वेळा.

नंतरच्या काही गेममध्ये उजेड हेच हत्यार झालं. २००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’मध्ये बूला झगझगीत प्रकाशझोतात ओढून आणायचं. पाठ करून चालत प्रकाशाच्या पलीकडे जा, तो मागे येतो आणि प्रकाशात विरून जातो. याच गेममध्ये एक मशरूम खाऊन मारिओ स्वतः बू होतो, तरंगतो, पारदर्शक होऊन जाळीतून आरपार जातो. त्या रूपात असताना मात्र उजेडापासून दूर राहा, कारण अंगावर प्रकाश पडला की रूप जातं. २०१३ च्या ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’मध्ये डोक्यावर दिव्याची पेटी बसते, आणि झोत बूवर धरला की काम होतं. इथे नजर आणि हत्यार एकच झालं आहे.

‘मारिओ कार्ट ६४’ आणि ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या गाड्यांच्या शर्यतींच्या गेममध्ये बू हे वापरायचं साधन आहे. तो दुसऱ्याची वस्तू चोरून आणतो आणि तुम्हाला काही काळ अदृश्य करतो. त्याच्यावर उपाय एकच: चांगली वस्तू फार वेळ हातात धरून ठेवू नका. ‘मारिओ पार्टी’च्या पहिल्या भागांत तो ५० नाणी घेऊन दुसऱ्याचा तारा पळवतो, म्हणून आघाडीवर असाल तर बूच्या घराजवळ कोण आहे आणि त्याच्याकडे किती नाणी आहेत यावर लक्ष ठेवा.

लुइजीचा बंगला

२००१ च्या ‘लुइजीज मॅन्शन’मध्ये मात्र डाव उलटतो. यात मारिओचा भाऊ लुइजी भुतं खेचून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन बंगल्यात फिरतो. इथे बू लपतात आणि शोधायचं तुम्ही. एकूण ५० बू आहेत. एखादी खोली साफ होऊन दिवे लागले की तिथे परत जा आणि गेम बॉय हॉरर या लुइजीच्या हातातल्या यंत्रावरच्या रडारकडे पाहत सामानापाशी फिरा. रडारचा रंग लाल झाला की हाताशी असलेली वस्तू तपासा. कधी कधी आत फसवी वस्तू किंवा बॉम्ब निघतो, म्हणून तपासून लगेच मागे सरकायला तयार राहा.

बू बाहेर आला की व्हॅक्यूम चालू करून त्याला ओढत राहा. त्याची शक्ती शून्यावर यायच्या आत तो भिंतीतून शेजारच्या खोलीत पळतो. धीर सोडू नका, कारण कमी झालेली शक्ती तशीच राहते. नकाशा उघडा, तो कुठल्या खोलीत गेला ते पाहा आणि लगेच मागे जा. शक्ती जास्त असलेल्या बूंच्या बाबतीत हा पाठलाग लांबतो, आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं तर वळायला जागा मिळते.

२० बू पकडले की बाल्कनी उघडते. तिथे १५ बू एकत्र येऊन बूलोसस नावाचा एक अजस्र गोळा बनतो. त्याला एकशिंगी घोड्याच्या पुतळ्याच्या शिंगावर आदळवा, की तो फुटून १५ छोटे बू होतात. मग व्हॅक्यूममधून बर्फाचा झोत मारून त्यांना गोठवा आणि ओढून घ्या. उरलेले पुन्हा एकत्र येतात, तेव्हा सगळे संपेपर्यंत हेच चालू ठेवा. बर्फाचा साठा भरून घेतल्याशिवाय बाल्कनीत पाऊल टाकू नका.

२०१३ च्या दुसऱ्या भागात लपलेला बू डार्क-लाइटने (अदृश्य गोष्टी दाखवणाऱ्या दिव्याने) उघड करायचा आणि व्हॅक्यूममध्ये त्याची जीभ धरून ताणायची. सोडली की तो जाऊन आदळतो. २०१९ च्या तिसऱ्या भागात १६ बू आहेत आणि कंट्रोलरचं कंपन वाढत गेलं की समजायचं, जवळ आलो.

पहिल्या भागाचा शेवट गाठायला किमान ४० बू लागतात. शेवटी बूंचा राजा, राजा बू, मारिओचा कायमचा शत्रू बाउझरच्या आकाराच्या कवचात बसून येतो. त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. तो काटेरी गोळे फेकतो. त्यातला एक व्हॅक्यूमने धरून ठेवा आणि बाउझरचं तोंड जवळ आलं की आत सोडा. डोकं उडून वेगळं होतं आणि राजा बू बाहेर येतो. तेवढ्या वेळात त्याला ओढायचं, आणि त्याच वेळी हवेत फिरणारं ते डोकं बर्फाचा मारा करतं तो चुकवायचा. त्याची शक्ती ५०० आहे, ती एका दमात संपत नाही. डोकं परत धडावर बसलं की लगेच लांब व्हा, दुसरा गोळा येईपर्यंत कडेकडेने फिरत राहा आणि जीव कमी असेल तर त्या फेरीत हल्ला न करता फक्त मार चुकवा.