जुगारावरच्या मांगा चित्रकथेत गोडबोल्या साहेब कसा उभा करायचा

दर रविवारी अमळनेरला आमच्या गच्चीवर सात-आठ मुलं चित्रकथा काढायला बसतात. जवळजवळ सगळी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचून आलेली असतात. खलनायक काढा म्हटलं की गालावर व्रण, लाल डोळे आणि पानभर हसू. मी वही हातात घेतो आणि एकच विचारतो, ह्या माणसाला पगार कोण देतं? मुलं गप्प होतात. काम तिथूनच सुरू होतं.

जुगाराच्या मांगातला खरा भीतिदायक माणूस गुंड नसतो, साहेब असतो. फुकुमोतो नोबुयुकी यांची ‘काइजी’ 1996 साली ‘यंग मॅगझिन’मध्ये सुरू झाली. काइजी हा तिचा कर्जात बुडालेला नायक. त्यातला तोनेगावा हा तेइआई नावाच्या कंपनीतला वरचा अधिकारी. सूट नीट, बोलणं स्वच्छ, माणसं ओळखण्यात तरबेज. कर्जात बुडालेल्यांना तो खेळ समजावून सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, खरंच, हा आपल्या भल्याचंच बोलतोय. 2015 साली ह्या खलनायकाची स्वतंत्र मालिका निघाली, आणि त्यात तो वरच्यांच्या लहरी सांभाळत हाताखालच्यांना वागवणारा नोकरदार आहे. म्हणून आधी त्याचा चेहरा काढू नका. त्याची खुर्ची ठरवा: त्याच्या वर कोण, खाली कोण, महिनाअखेर तो कुणाला हिशेब देतो.

मग त्याचा गोडवा ठरवा. हा गोडवा मी लहानपणी घरात पाहिलाय. मी सातवीत होतो. नानांनी ट्रॅक्टरसाठी एका फायनान्सवाल्याकडून कर्ज घेतलं होतं आणि दोन वर्षं कपाशीने दगा दिला होता. एक साहेब आले. ओट्यावर बूट काढले, आईच्या हातचं पाणी प्यायले, भिंतीवरच्या माझ्या चित्राचं कौतुक केलं. मग नानांना विचारलं, “नाना, तुमना पोऱ्या कितवीमा शे?” घरात सगळे सैल झाले. चहा झाला. त्यांनी फाईल उघडली, पेनचं टोपण काढून फाईलच्या कडेला सरळ रेषेत ठेवलं आणि म्हणाले, “करारातील कलमानुसार वाहन आज ताब्यात घ्यावे लागेल.” जिव्हाळ्याला अहिराणी, वसुलीला छापील मराठी. आवाज तोच, हसू तेच. ट्रॅक्टर फाटकाबाहेर काढताना सीटवर नानांचा रुमाल राहिला होता. साहेबांनी तो स्वतः खाली आणला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी नानांच्या हातात दिला.

ती घडी मला आजही दिसते. तुमच्या साहेबाला अशी एक कृती द्या, जी खरोखर चांगली आहे. दिखाऊ नको, मनापासूनची हवी. वाचक गोंधळला पाहिजे, ह्या माणसाचा राग करायचा कसा?

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: तो खोटं बोलत नाही. तोनेगावा एका ठिकाणी सांगतो की पैसे देऊ, पण कधी आणि कुठे ते ठरलेलं नाही. मनात आलं तर दहा-वीस वर्षांनीही देऊ. शब्दाला तो पक्का आहे, फक्त शब्दांच्या मधली जागा त्याच्या ताब्यात आहे. संवाद लिहून झाला की साहेबाची सगळी वाक्यं एका कागदावर वेगळी उतरवा. एक जरी खोटं सापडलं तर ते खोडा, आणि त्याच जागी एक खरं पण अर्धं वाक्य लिहा.

खेळही असाच बांधायचा. इथे मी मुलांना गणित करायला लावतो. ‘काइजी’तला ई-कार्ड हा पत्त्यांचा खेळ घ्या. एका बाजूला एक सम्राट आणि चार प्रजाजन, दुसऱ्या बाजूला एक गुलाम आणि चार प्रजाजन. सम्राट प्रजेला हरवतो, प्रजा गुलामाला, गुलाम सम्राटाला; दोन्हीकडे प्रजा आली तर बरोबरी. दोघांनी पानं अंदाजाने टाकली तर सम्राट आणि गुलाम एकाच वेळी समोरासमोर येण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे गुलामाची बाजू पाचांतून एकदाच जिंकते. पण त्या बाजूने जिंकला तर काइजीला पाचपट रक्कम मिळते. कागदावर हिशेब बरोबर आहे, उलट थोडा त्याच्याच बाजूने झुकलेला. मग क्रूरपणा कुठे आहे? पणाला लावलेल्या वस्तूत. तोनेगावा पैसे लावतो, काइजी कानाचा पडदा लावतो. कानात सुई असलेलं यंत्र, पडद्यापर्यंत 30 मिलिमीटर अंतर, आणि पैज मिलिमीटरमध्ये: जितके हरला, तितकी सुई आत सरकते. नियम समान ठेवा, पण पणाला लागणारी वस्तू दोघांची वेगवेगळी ठेवा.

आपल्याकडे हे उभं करायला आखाजीसारखा, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेसारखा, दुसरा दिवस नाही. झाडाला झोके, माहेरवाशिणींची गाणी, घरात पुरणपोळी, पारावर पत्त्यांचा डाव. आणि त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल संपतं, नवं ठरतं. माझ्या एका विद्यार्थ्याने हेच घेतलं. त्याचा साहेब जिनिंगच्या मालकाचा मॅनेजर. सालदारावर मागच्या वर्षीची उचल बाकी आहे. साहेब त्याला शेवेची भाजी-भाकरी खाऊ घालतो आणि म्हणतो, चिंचोक्यांवर एकी-बेकी खेळू, मुठीतले चिंचोके सम की विषम ते ओळखायचं. जिंकलास तर उचल माफ, हरलास तर आणखी एक साल. निम्मी-निम्मी शक्यता, कुणालाही न्याय वाटेल. साहेब मालकाचे पैसे लावतोय, सालदार आयुष्याचं एक वर्ष. आणि माफी कोणत्या तारखेला, हे चिठ्ठीवर कुठेच नाही. पारावरच्या खेळात पत्ता लपवण्यापेक्षा ही न लिहिलेली तारीख कितीतरी जास्त बोचते.

खेळ कागदावर उतरवण्याआधी तो खेळून बघा. आम्ही खरे चिंचोके आणून वीस डाव खेळलो. सातव्या डावाला मूठ धरलेल्या मुलाचा अंगठा पांढरा पडला होता. ते थेट चित्रात आलं.

चित्राबद्दल थोडंसं. घाम फक्त हरणाऱ्याला द्या. साहेबाच्या चेहऱ्यावर रेषा कमी, गर्दीच्या चेहऱ्यांवर जास्त. फुकुमोतोंच्या चौकटींत गर्दीची अस्वस्थता ‘झावा, झावा’ अशा अक्षरांतून पसरते. आपण ‘कुजबुज’ लिहू शकतो, पण ती अक्षरं साहेबाच्या डोक्यावर येऊ देऊ नका. त्याच्याभोवती पांढरी जागा सोडा.

आता त्याची हार. तो दैवाने हरला तर कथा फुकट गेली. तोनेगावाला यंत्रातून काइजीची नाडी आणि शरीराचं तापमान कळत होतं, ती माहिती त्याच्या घड्याळात दिसायची. काइजीला हे समजलं आणि त्याने ते त्याच्यावरच उलटवलं. माणसं ओळखण्याचा गर्व त्याच्या आड आला. शिवाय त्याच्या वर चेअरमन ह्योदो बसलेला आहे, आणि हरलेल्या अधिकाऱ्याला तिथे दया नाही. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर गुडघे टेकून माफी मागायची वेळ त्याच्यावर येते. पहिल्याच भागात एका चौकटीत वरच्या माणसाची चाहूल द्या, नुसती चपलांची जोडी दाखवली तरी चालेल. पुढे ती उपयोगी पडते.

आमच्या आखाजीच्या कथेत सालदार शेवटचा डाव जिंकतो, कारण साहेब त्याच्या डोळ्यांकडे बघत राहतो आणि सालदाराने मुठीतला एक चिंचोका आधीच दाताखाली धरलेला असतो. मुलाने हरलेला साहेब ओरडताना काढला होता. मी म्हटलं, नको, त्याला नेहमीसारखं पेनचं टोपण लावू दे. नुसते हात काढ. त्याने दहा वेळा काढले. नवव्या चित्रात टोपण पेनाच्या शेजारून निसटलेलं आहे आणि त्याचं लक्षच नाही. आम्ही ते ठेवलं.